‘आणखी काय काय चालू आहे?’ : औषधाच्या दुकानातला एक प्रश्न

सांजवात

परवाचा प्रसंग, तसा साधाच. पण घरात त्यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाई गोळ्या काढायला वळल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "कुणासाठी आहेत? वय काय? त्यांना आणखी काय काय चालू आहे?" मला घाई होती. म्हटलं, बीपीच्या दोन आहेत, नेहमीच्याच. "नावं सांगता येतील?" फोनमध्ये फोटो होता म्हणून बरं. एक रॅमिप्रिल आणि एक लघवी जास्त करणारी गोळी.

त्यावर बाईंनी गोळ्या दिल्याच नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, चार-पाच मिनिटं बोलल्या, आणि त्या गोळीऐवजी वरून लावायचं मलम आणि लागेल तेव्हा पॅरासिटॅमॉल असं ठरलं. ही तीन औषधं एकत्र आली तर या वयात मूत्रपिंडावर ताण येतो, असं त्यांनी मला सांगितलं.

दीर ऐकून भडकले. "तिचं काम गोळ्या द्यायचं. डॉक्टरपेक्षा तिला जास्त कळतं का?" नवरा म्हणतो, हेच तर तिचं काम. मी गेली वीस वर्षं औषधं विकत घेते आहे आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. तर फार्मासिस्टचं काम नक्की कुठून कुठपर्यंत? जाणकारांनी लिहावं.

आडरान

तुम्हाला चांगल्या बाई भेटल्या, एवढंच म्हणेन. माझा अनुभव वेगळा आहे. सर्दीची गोळी मागितली की सोबत व्हिटॅमिन, त्यासोबत ‘इम्युनिटी’चं सरबत. शेवटी दुकान आहे ते. दुकानदाराला जनतेच्या आरोग्याची काळजी वाटते हे मला जरा जड जातं पचायला.

ठिपका

वाचतेय. सर्दीच्या गोळीवर पूरक औषधांचा आहेर मलाही झालाय.

खलबत्ता

मी काउंटरच्या आतल्या बाजूची. एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

सांजवात, त्या बाईंनी जे पकडलं त्याला आमच्याकडे ‘तिहेरी फटका’ म्हणतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त ठरावीक दाबानेच यावं लागतं. आत येणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवणारी द्रव्यं शरीर तयार करतं. वेदनाशामक गोळी नेमकी तीच कमी करते. बाहेर जाणारी वाहिनी आवळून दाब टिकवायची सोय असते. रॅमिप्रिल ती सैल सोडतं. आणि लघवीची गोळी मुळात रक्तातलं पाणीच उतरवते. तीन ठिकाणी तीन हात, आणि तिन्ही हात आपापल्या जागी बरोबर. बीपीच्या डॉक्टरांचं चुकलं नाही, हाडांच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या कुणी सांगितल्याच नव्हत्या. तिन्ही औषधं ज्या एका जागी एकत्र येतात ती जागा म्हणजे आमचं काउंटर. आम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं असा दावाच नाही. आम्ही रांगेत शेवटी उभे असतो, आणि आमच्यानंतर औषध थेट पोटात जातं.

चिठ्ठी हातात आली की डोक्यात काय चालतं ते सांगते. डोस वयाला शोभतो का. एकच घटक दोन ब्रँडच्या नावांनी दोनदा आलाय का. नावाला नाव जुळणारं भलतंच औषध तर वाचलं जात नाही ना. बाई गरोदर असू शकेल का, अंगावर पाजते आहे का. हे सगळं गोळी कपाटातून काढेपर्यंत. बहुतेक वेळा काहीच निघत नाही, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आम्ही नुसतं कपाट उघडतो आणि गल्ला बंद करतो.

मला ज्याची कायम धास्ती वाटते ते औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘रोज एक’ ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की माणसं ते रोज घेतात, आणि रोज घेतलं तर अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करायचीच थांबते. यात माणसं दगावली आहेत. म्हणून मी ‘आठवड्यातून एकदा’ असं म्हणून सोडत नाही. वार विचारते. सोमवार म्हणाले की पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात ‘फक्त सोमवारी’ लिहिते आणि त्यांच्याकडून एकदा वदवून घेते.

आणि पॅरासिटॅमॉल. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी असं लोकांना वाटतं. तिन्हींत पॅरासिटॅमॉल असू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. तीन वेगळ्या पाकिटांतून ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही, आणि यकृत लगेच बोलत नाही. पहिला दिवस माणूस ठीकच दिसतो.

आडरान, तुमच्या मुद्द्यावर नंतर येते. तो टाळणार नाही.

गोगलगाय

खलबत्ता, दंडवत. ‘वार विचारते’ हे फार आवडलं.

अवांतर: डॉक्टरांचं अक्षर वाचण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत! आम्हाला तर वाटायचं तुम्हाला मोडी येत असणार.

खलबत्ता

मोडी सोपी. तिला निदान नियम तरी आहेत. :)

रात्रपाळी

मी डॉक्टर, जनरल प्रॅक्टिस. दिरांची बाजू थोडी घेतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही.

डॉक्टर आणि औषधं देणारा हे दोन वेगळे असावेत, हा विचार जुना आहे. सिसिलीच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १२४० च्या सुमारास कायदाच केला होता की वैद्याने औषधं विकणाऱ्याशी भागीदारी करायची नाही. लिहिणाऱ्याला विक्रीतून फायदा नको, हा हेतू. मग उलट बाजूनेही विचारायला हवं: विकणारा जर निदान करायला लागला तर तोच धोका मागच्या दाराने आत येत नाही का?

काउंटरवर तपासणी होत नाही. घसा बसलाय म्हणून महिनोन्‌महिने चघळायच्या गोळ्या नेणारा रुग्ण मी पाहिलाय. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर स्वरयंत्र बघायलाच हवं. ते त्या गोळ्यांमुळे लांबलं. त्याला कुणीतरी प्रेमाने, आपुलकीने गोळ्या दिल्या होत्या. ही आपुलकी महागात पडते.

आता दुसरी बाजू. मला एकदा रात्री पावणेदहाला फोन आला. लघवीच्या संसर्गासाठी मी को-ट्रायमॉक्साझोल लिहिलं होतं. पलीकडचा फार्मासिस्ट म्हणाला, "डॉक्टर, पेशंट सोमवारी मेथोट्रेक्सेट घेतात." दोन्ही औषधं फोलेटच्या, म्हणजे नव्या पेशी तयार करायला लागणाऱ्या व्हिटॅमिनच्या, वाटेवर घाव घालतात, शिवाय पहिल्यामुळे दुसरं शरीरात साचतं. पेशंटने मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. पहिल्या क्षणी मला राग आला, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. दुसऱ्या क्षणी हाताला घाम फुटला. त्या माणसाने फोन करायला किती धीर गोळा केला असेल ते मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी अशा फोनवर खेकसून खेकसून ते बंद पाडलेत.

पानगळ

डॉक्टर, शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१००.

फुंकर

मी दमेकरी, लहानपणापासून. पंप तोंडात धरायचा, दाबायचा, आत ओढायचं, एवढंच मला माहीत होतं. अकरा वर्षं तसंच करत आले. वर्षातून दोनदा तरी आजारपण व्हायचंच आणि दर वेळी औषध वाढायचं.

मग एका फार्मासिस्टने सहज विचारलं, "घेऊन दाखवता?" मी दाखवलं. तो म्हणाला, "यातलं निम्मं तर जिभेवर बसलं." आधी श्वास पूर्ण सोडायचा. मग सावकाश ओढायला सुरुवात करतानाच पंप दाबायचा, नंतर नाही. आत ओढून दहा सेकंद थांबायचं. आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. (माझ्या तोंडात ती दोनदा आली होती. त्याचं औषध मी वेगळं घेतलं होतं!) जमत नसेल तर मधे स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावायचा. त्याने असंही सांगितलं की पावडरच्या इनहेलरचं तंत्र उलटं असतं, तिथे जोरात आणि झटकन ओढायचं. एकाची सवय दुसऱ्याला लावली की दोन्ही वाया.

नवीन औषध एकही नाही. तेच औषध, फक्त छातीत पोचायला लागलं.

मोजपट्टी

फुंकर, तुम्ही एकट्या नाही. इनहेलरच्या तंत्रावर चाळीस वर्षांत जे अभ्यास झाले त्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. अचूक तंत्र असलेले रुग्ण जेमतेम ३१ टक्के निघाले, आणि चार दशकांत त्यात सुधारणा नाही.

मी सार्वजनिक आरोग्यात आकडेमोड करतो, म्हणून आकड्यांतून बोलतो. धाग्यात आतापर्यंत एकेका रुग्णाच्या गोष्टी आल्या. पण मूळ प्रश्नात सगळ्या समाजाचं आरोग्य दडलेलं आहे, आणि तिथे फार्मासिस्टचं बलस्थान वेगळंच आहे. त्याच्याकडे निरोगी माणसंही जातात. दवाखान्यात आजारी झाल्यावर जातो आपण. औषधाच्या दुकानात मात्र बँडेज, साबण, दुसऱ्याचं औषध अशा कशासाठीही. तेही भेटीची वेळ न घेता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या ४६ टक्के लोकांना त्याचा पत्ताच नाही. ज्याला पत्ताच नाही तो डॉक्टरकडे कशाला जाईल? इंग्लंडने २०२१ पासून फार्मसीतच चाळिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब मोजायची सेवा सुरू केली, ती याच माणसासाठी.

याहून भारी प्रयोग लॉस एंजेलिसमधला. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये रक्तदाबाचं प्रमाण मोठं, दवाखान्यावर विश्वास कमी. मग संशोधक फार्मासिस्टना घेऊन गेले थेट केशकर्तनालयात. ५२ सलून, ३१९ गिऱ्हाईकं. निम्म्या सलूनमध्ये न्हावी नुसता सल्ला द्यायचा की डॉक्टरला दाखव. उरलेल्या ठिकाणी फार्मासिस्ट येऊन, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार, औषध सुरू करायचा आणि डोस बदलायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढा फरक बघून मी टेबल पुन्हा तपासलं होतं.

यातला बारकावा असा की फार्मासिस्ट तिथे काही विकत नव्हता.

आडरान

हां, आता आलात मुद्द्यावर. विकत नव्हता! माझं म्हणणं तेवढंच आहे. ज्याचं पोट विक्रीवर आहे त्याच्याकडून ‘हे घेऊ नका’ या सल्ल्याची अपेक्षा करायची म्हणजे लाकूडतोड्याला झाडं लावायला सांगण्यासारखं.

खलबत्ता

मान्य. मी म्हटलं होतं टाळणार नाही, तर ऐका.

मी नोकरीत होते तेव्हा महिन्याला विक्रीचं लक्ष्य असायचं. कुठलं टॉनिक काउंटरवर पुढे ठेवायचं हे वरून ठरायचं. मी ते विकलंय. गरज नसलेल्या लोकांना विकलंय. ‘आणखी काय चालू आहे’ विचारायला दोन मिनिटं लागतात, त्या दोन मिनिटांत रांगेतले तिघं निघून जातात, आणि त्या दोन मिनिटांची पावती कुठेच फाटत नाही. सांजवातला त्या दिवशी गोळ्या न देता फोन करणाऱ्या बाईंनी स्वतःचा तोटा केला. मलम आणि पॅरासिटॅमॉल त्या गोळ्यांपेक्षा महाग की स्वस्त हा प्रश्न नाही. दहा मिनिटं गेली, हा तोटा.

म्हणून चांगला फार्मासिस्ट आणि वाईट फार्मासिस्ट अशी वाटणी करून भागत नाही, असं मला वाटतं. ज्या घरात फक्त पाकिटं विकली की पैसे मिळतात, त्या घरातला चांगला माणूससुद्धा महिन्याच्या शेवटी पाकिटंच मोजतो.

मोजपट्टी

यावर उपाय करून बघितलेत लोकांनी, यशस्वी आणि फसलेले दोन्ही.

अमेरिकेत ॲशव्हिल नावाच्या शहरात १९९० च्या दशकात नगरपालिकेने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी फार्मासिस्टना भेटीचे पैसे द्यायला सुरुवात केली. औषध विकण्याचे नाही, बसून बोलण्याचे. जे कर्मचारी नियमित भेटीला येतील त्यांचा औषधांवरचा स्वतःचा खर्च माफ. साखर ताब्यात आली, एकूण वैद्यकीय खर्च उतरला. तुलनेला दुसरा गट नव्हता ही त्यातली खोट, पण कल्पना पसरली.

इंग्लंडमध्ये २०११ पासून ‘नवीन औषध सेवा’ आहे. दमा, मधुमेह, रक्तदाब अशा दुखण्यात पहिल्यांदाच एखादं औषध सुरू झालं की फार्मासिस्ट साधारण एक-दोन आठवड्यांनी रुग्णाशी बोलतो, आणि पुढे दोन-तीन आठवड्यांनी परत. ‘घेताय ना?’ एवढंच नाही. ‘घेऊन कसं वाटतंय, काय खटकतंय?’ त्याची रीतसर चाचणी झाली. दहा आठवड्यांनी औषध नीट घेणारे एरवी ६१ टक्के, या सेवेत ७१. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण संपन्न देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच म्हटलं होतं.

आता फसलेला. त्याच इंग्लंडमध्ये २००५ पासून औषधांचा आढावा घेण्याची आणखी एक सेवा होती. दर आढाव्याला पैसे, एका फार्मसीला वर्षाला कमाल ४००. झालं काय, की कमाल मर्यादा हेच उद्दिष्ट होऊन बसलं. ज्याला गरज त्याच्यापेक्षा जो पटकन होकार देईल त्याचा आढावा. २०२१ मध्ये ती सेवा बंद केली. आडरान, विक्रीचं लक्ष्य काढून सल्ल्याचं लक्ष्य लावलं की सल्ल्याचंही टॉनिक होतं.

आडरान

शेवटचं वाक्य मी ढापणार. आणि ठीक आहे, लाकूडतोड्याला झाडामागे मजुरी दिली तर तो लावेल, पण जगली का तेही कुणीतरी बघायला हवं.

कोरा_कागद

एक वेगळा मुद्दा. हे सगळं चारचौघांत विचारलं जातं त्याचं काय? मला एकदा तातडीची गर्भनिरोधक गोळी हवी होती. मागे पाच माणसं. काउंटरवरच्या मुलाने नाव मोठ्यांदा उच्चारून आतल्याला विचारलं, शिल्लक आहे का. मी तशीच निघाले आणि दुसरीकडे गेले, त्यात पाच तास गेले. आणि ती गोळी जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. नुकसान कुणाचं झालं?

खलबत्ता

तुमचं. आणि चूक आमची, यात ‘पण’ नाही.

बोलायला आडोसा लागतो. एक खुर्ची, एक पडदा, दार असेल तर उत्तमच. तोही नसेल तर निदान आवाज खाली आणि नावाऐवजी चिठ्ठीवर बोट. हे शिकवायला पदवी लागत नाही, पण शिकवत कुणी नाही.

मोजपट्टी

कोरा_कागद, यातलं मोठं उदाहरण पोर्तुगालचं. तिथे १९९३ पासून फार्मसीत वापरलेली सुई द्या आणि नवी न्या अशी योजना चालली, नशा टोचून घेणाऱ्यांमधला एचआयव्हीचा प्रसार थांबवायला. आरोग्यकेंद्राच्या दारात जायला जो माणूस कचरेल तो औषधाच्या दुकानात शिरतो, कारण तिथे कोण कशासाठी आलंय ते रस्त्यावरच्याला कळत नाही. पण काउंटरवर एकदा मान खाली घालायला लावली, की तो परत येत नाही.

आणि कधीकधी न देणं हेही सार्वजनिक आरोग्यच. ब्रिटनने सप्टेंबर १९९८ मध्ये पॅरासिटॅमॉलच्या पाकिटाचा आकार कायद्याने कमी केला. फार्मसीत ३२ गोळ्या, बाकी दुकानांत १६. कारण आत्महत्येचा विचार बऱ्याचदा एका उसळीत येतो आणि तेव्हा घरात जेवढं असेल तेवढं गिळलं जातं. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये या विषबाधेचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अंदाजे ४३ टक्क्यांनी कमी झाले. पाकीट लहान केलं, बस.

गोगलगाय

हे माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

पानगळ

न देण्यावरून आठवलं. अँटिबायोटिकचं काय? मी स्वतः गुन्हेगार आहे. ताप आला, ‘मागच्या वेळी लागू पडली होती ती’ गोळी मागितली. फार्मासिस्ट म्हणाला चिठ्ठीशिवाय नाही देणार, आणि व्हायरल वाटतोय, त्यावर ती चालणारच नाही. मी चिडून दुसऱ्या दुकानातून आणली. तीन दिवस घेतली, बरं वाटलं, उरलेल्या ठेवून दिल्या. ताप आपोआपच उतरायचा होता हे आता कळतं.

रात्रपाळी

पानगळ, प्रामाणिकपणाबद्दल आभार. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते. आणि यात फक्त दुकानदार दोषी असं म्हणून मला हात झटकता येणार नाहीत. पेशंट रुसेल म्हणून अँटिबायोटिक लिहून देणारे आम्हीही आहोत.

‘नाही’ म्हणणारा पहिला फार्मासिस्ट गिऱ्हाईक गमावतो आणि ‘हो’ म्हणणारा दुसरा ते कमावतो. एकट्याच्या शहाणपणाने हे सुटायचं नाही. सगळ्यांनी एकदम नाही म्हणायला हवं, आणि ते नियम पाळले जाण्यावर अवलंबून आहे.

उलट टोकाची गोष्ट: इंग्लंडने ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्टना सात किरकोळ दुखण्यांत, ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी, गरज पडल्यास अँटिबायोटिकसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी दिली. घसादुखी, सायनस, लहान मुलांचा कान, बायकांमधला साधा मूत्रसंसर्ग, नागीण वगैरे. मी आधी विरोधात होतो. पायऱ्या वाचल्यावर थोडा नरमलो, कारण त्यात ‘केव्हा द्यायचं नाही’ आणि ‘केव्हा डॉक्टरकडे पाठवायचं’ हेच जास्त लिहिलंय. तरी माझी घसा बसलेल्या रुग्णाची भीती कायम आहे.

खलबत्ता

ती भीती असूच द्या, डॉक्टर. माझ्या मते आमच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग ‘आता माझ्याकडे येऊ नका, तिकडे जा’ हाच आहे. आम्हाला एक गोष्ट दिसते जी तुम्हाला दिसत नाही: कोण काय वारंवार नेतो. दर आठवड्याला ॲसिडिटीची बाटली नेणारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा, ज्याची थुंकी टीबीसाठी तपासायला हवी. वेदनाशामक नेता नेता सहज ‘हल्ली शौचाला काळी होते’ म्हणणारा; त्याला मी हातातलं सोडून रिक्षात बसवते.

एक गंमत सांगते, गंमत तरी कशी म्हणू. एक आजोबा चार महिने खोकल्याचं औषध नेत होते. कोरडा खोकला, रात्री जास्त. तीन कंपन्यांची सिरप झाली. एक दिवस ते स्वतःच्या नेहमीच्या गोळ्याही माझ्याकडेच घ्यायला आले, एरवी मुलगा दुसरीकडून आणायचा. पाकीट बघते तर रॅमिप्रिल. सांजवातच्या सासूबाईंचंच. त्या जातीच्या औषधांनी काही लोकांना कोरडा खोकला येतो, आणि तो कुठल्याच सिरपने जात नाही. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत खोकला गेला. चार महिने मी त्यांना एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध विकत होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही आलं. विचारलंच नव्हतं ना.

फुंकर

म्हणजे सगळं घोडं त्या एका प्रश्नापाशीच अडतंय.

सांजवात

धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दिरांना लिंक पाठवली आहे, अजून उत्तर नाही. :)

खलबत्ता, एक सांगा. आम्ही घरच्यांनी काय करायचं? दर वेळी फोनमधला फोटो सापडेलच असं नाही.

खलबत्ता

एक कागद करा. घरातल्या मोठ्या माणसांचा प्रत्येकाचा वेगळा. ब्रँडचं नाव नको, आतल्या घटकाचं नाव लिहा, तेच दुकानादुकानांत बदलत नाही. किती मिलिग्रॅम, केव्हा, कशासाठी. ‘कशासाठी’ हा रकाना गाळू नका. उत्तर येत नसेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारायची झाली. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते वर, लाल शाईने. चिठ्ठीशिवाय घेतलेलंही लिहायचं, म्हणजे चूर्ण, काढे, व्हिटॅमिन, झोपेचं काही. थायरॉइडची गोळी असेल तर लोह-कॅल्शियमशी चार तासांचं अंतर आहे का बघा, तिथे फार जण गोंधळतात. आणि शक्यतो सगळी औषधं एकाच ठिकाणाहून घ्या, म्हणजे निदान एक माणूस तरी पूर्ण चित्र बघतो.

सांजवात

केला. दुपारभर बसून. सासूबाईंच्या नावावर नऊ निघाली! मला सहा माहीत होती. एक कॅल्शियम दोन वेगवेगळ्या नावांनी चालू होतं. आणि यादी वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "डोळ्यांचे थेंब नाही घेतलेस." कुठले? तर काचबिंदूचे, रात्री झोपताना घालतात. हे मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलेलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

खलबत्ता

नाव बघता का बाटलीवरचं? टिमोलॉल आहे का? ते थेंब असले तरी थोडं रक्तात उतरतं, नाडी मंदावू शकते, दमा असेल तर त्रास होतो. घाबरू नका, आणि बंद तर मुळीच करू नका, डोळ्यातला दाब वाढेल. फक्त कागदावर आणा आणि पुढच्या भेटीत दाखवा. हल्ली उठताना चक्कर वगैरे?

रात्रपाळी

चक्कर असेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. एक मिनिट नाडी मोजून आकडा सोबत न्या.

सांजवात

टिमोलॉलच आहे. दमा नाही. चक्कर अधूनमधून येते, आम्ही बीपीवर ढकलत होतो. उद्याची वेळ घेतली आहे.

विचारलं त्यांना, इतके दिवस सांगितलं का नाहीत. म्हणाल्या, "सगळे औषधं विचारतात गं. ते तर थेंब आहेत."